प्रचाराच्या भाषणात स्वतःची गोष्ट सांगताय? या चुका टाळा

कोल्हापुरात सभा ऐकायला येणारा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. उमेदवार कुणाचा, भावकी कुठली, वडील कुठल्या कारखान्यात होते, घरावर दुसरा मजला कधी चढला, हे सगळं त्याला आधीच ठाऊक असतं. अनोळखी गर्दीपुढे सहज खपणारी गोष्ट शिवाजी पेठेतल्या कोपरा सभेत किंवा बावड्याच्या चौकात खपत नाही, ती यामुळेच. तरीही उमेदवार स्वतःच्या घरातलं काही सांगायला लागला की लोक कान देतात. जाहीरनाम्यातले मुद्दे दुसऱ्या दिवशी विसरतात, पण आईनं पहाटे डेअरीला दूध घातलेलं लक्षात राहतं. म्हणून गोष्ट सांगावीच. पण खरी, चांगली गोष्ट चुकीच्या पद्धतीनं सांगून वाया गेली की मला फार वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक चुका टाळता येतात. निवडणूक महापालिकेची असो, जिल्हा परिषदेची असो की कारखान्याच्या पॅनेलची.

गरिबी एकीकडे, प्रतिज्ञापत्र दुसरीकडे

"अनवाणी शाळेत गेलो" हे वाक्य प्रत्येक निवडणुकीत ऐकू येतं. ते खरंही असेल. पण विधानसभा आणि लोकसभेच्या उमेदवाराला मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि ते निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतं. स्थानिक निवडणुकांतही मालमत्ता जाहीर करावीच लागते. तुम्ही व्यासपीठावर अनवाणी चालत असता, तेव्हा खाली उभा असलेला पोरगा मोबाइलवर तुमचे फ्लॅट मोजत असतो.

यावर उपाय म्हणजे गोष्टीची दोन्ही टोकं सांगणं. "वडिलांची दीड एकर जिरायत. आज माझे दोन ट्रॅक्टर आहेत, ऊस वाहतुकीतून उभे केले, बँकेचे हप्ते अजून चालू आहेत." कष्टानं मिळवलेल्याचा इथल्या लोकांना राग येत नाही, लपवलेल्याचा येतो.

गोष्ट उसनी घेणं आणि फुगवणं ही याचीच भावंडं. १९८७ मध्ये जो बायडेन अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी धडपडत होते. ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचे नेते नील किनॉक यांनी भाषणात सांगितलं होतं की, आपल्या घराण्याच्या हजार पिढ्यांत विद्यापीठात गेलेला मीच पहिला. बायडेन यांनी तीच मांडणी, जवळपास त्याच शब्दांत, स्वतःची म्हणून वापरली. ते उघडकीला आलं आणि सप्टेंबरमध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. २००८ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी १९९६ च्या बोस्निया दौऱ्यात आपण गोळीबारात विमानातून उतरलो, असं सांगितलं. जुन्या चित्रफितीत धावपट्टीवर एक लहान मुलगी त्यांचं स्वागत करताना दिसली. युद्धानं होरपळलेल्या देशात गेल्या होत्या, एवढं सांगितलं असतं तरी पुरेसं होतं.

तेव्हा चित्रफीत शोधावी लागली. आता कागलच्या सभेतली गोष्ट तुम्ही शिरोळला पोचायच्या आत तिथल्या ग्रुपवर पडलेली असते. तुमच्या गोष्टीतली आई कागलला शेतमजूर आणि शिरोळला अंगणवाडी सेविका असेल, तर पुढचं काही सांगायला नको. भाषण गावागणिक बदला. घडलेलं मात्र बदलू नका.

लोक हळहळतात, पण मत हलत नाही

सगळ्यात जास्त गोष्टी इथं वाया जातात. उमेदवार बोलतो, बायका डोळे पुसतात, टाळ्याही पडतात. घरी जाताना मात्र लोक म्हणतात, "लई सोसलंय बिचाऱ्यानं." बिचारा म्हणून कुणी मत देत नाही. ऐकणाऱ्याला त्या गोष्टीत स्वतःचं घर दिसायला हवं.

समजा, आंबेवाडी किंवा प्रयाग चिखलीच्या बाजूची एक ताई जिल्हा परिषदेला उभी आहे. तिचं भाषण बहुधा असं लिहून दिलं जातं: "२०१९ च्या महापुरात आम्ही खूप सोसलं. होत्याचं नव्हतं झालं. आजही अंगावर काटा येतो." यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, पण समोर बसलेल्या प्रत्येकानं तेच सोसलंय. काटा त्यांच्याही अंगावर येतो. मग ऐकायचं काय?

आता हेच असं सांगून बघा:

"पाणी उंबऱ्याला लागलं. बोट आली. सासूबाई बोटीत बसेनात. म्हणाल्या, दावणीला दोन म्हशी आहेत, त्यांना टाकून मी कुठं येऊ? हाताला धरून बसवलं. वाटभर त्या मागं बघत होत्या."

इथं थांबायचं. चार सेकंद काहीच बोलायचं नाही. मग:

"जनावरांपायी घर सोडायला उशीर केला, अशी किती घरं आहेत इथं? माणसं कुठं न्यायची हे ठरलेलं असतं. जनावरं कुठं न्यायची, हे आपण पाणी आल्यावर शोधतो. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. पाणी ३९ वर यायच्या आत म्हशी उंचावर गेल्या पाहिजेत. त्याची जागा, चारा आणि पाणी मे महिन्यातच ठरलं पाहिजे. हे काम मी करणार आहे, आणि मे महिन्यात तुम्ही मला ते विचारायचं."

सासूबाई तिच्या, म्हशी सगळ्यांच्या, आणि मागणी येत्या पावसाळ्याची. हार्वर्ड विद्यापीठातले मार्शल गॅन्झ हेच 'मी, आपण, आत्ता' अशा तीन पायऱ्यांत शिकवतात. सिझर चावेझ यांच्या अमेरिकेतल्या शेतमजूर संघटनेत अनेक वर्षं काम करून मग ते प्राध्यापक झाले आणि २००८ च्या ओबामांच्या मोहिमेत स्वयंसेवकांना याच पद्धतीनं तयार केलं गेलं. ओबामांचं २००४ चं गाजलेलं भाषणही बघा. बाप केनियाचा, आई कॅन्ससची, हे सांगून ते तिथं रमले नाहीत. असं घर याच देशात होऊ शकतं, म्हणत ते लगेच ऐकणाऱ्यांच्या देशाकडे वळले.

वरच्या उदाहरणात आकडे कुठं आलेत तेही बघा. गोष्ट संपल्यावर, मागणीसोबत. मध्ये नाहीत. देणगीदारांवरचा एक प्रयोग २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना माली देशातल्या रोकिया नावाच्या एकाच भुकेल्या मुलीबद्दल सांगितलं, तर काहींना लाखो भुकेल्यांची आकडेवारी दिली. रोकियासाठी दुपटीहून जास्त पैसे निघाले. तिच्या गोष्टीला आकडेवारी जोडून दिली, तेव्हा मात्र देणगी पुन्हा घसरली. सासूबाई मागं वळून बघत असताना तालुक्यातल्या बाधित कुटुंबांची संख्या सांगू नका.

दुसऱ्याचं दुःख न विचारता

यावर मी ठाम आहे. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको, कोरोनात आईबाप गेलेली पोरं, पुरात घर गेलेली म्हातारी, यांना व्यासपीठावर उभं करून "बघा, यांच्याकडे बघा" म्हणू नये. त्यांची गोष्ट सांगायचीच असेल, तर आधी घरी जा, काय सांगणार ते शब्द न् शब्द ऐकवा आणि 'नको' म्हणायला वेळ द्या. नाव आणि गाव काढून टाका. गल्लीत नाव न घेताही माणूस ओळखू येत असेल, तर ती गोष्ट सोडून द्या. मतं मिळोत न मिळोत, त्या बाईला उद्याही त्याच गल्लीत राहायचं असतं.

रक्तात शाहू, पण केलं काय?

आपल्याकडे भाषण शाहू महाराजांशिवाय सुरू होत नाही आणि तसं होणं योग्यच आहे. पण "माझ्या रक्तात शाहूविचार" ही गोष्ट नाही, ती घोषणा झाली. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात चहा प्यायला अस्पृश्यतेच्या त्या काळात कुणी जाईना, तेव्हा महाराज स्वतः तिथं गेले, चहा घेतला आणि सोबतच्यांनाही घ्यायला लावला. शंभर वर्षं आपण हे सांगतोय, कारण त्यात महाराजांनी काय केलं ते दिसतं. १९०२ ची ५० टक्के आरक्षणाची आज्ञा अभ्यासात येते, चहाचा कप पोरासोरांनाही माहीत असतो. तुमच्या गोष्टीत असं केलेलं एखादं काम शोधा, लहान असलं तरी चालेल. तालमीच्या गणपतीची वर्गणी एका वर्षी पोरांच्या फीसाठी वळवली असेल, तर तेवढं सांगा.

चूक कबूल करायची भीती

बहुतेक उमेदवार गोष्टीत कायम बरोबरच असतात, आणि तिथंच लोकांचा विश्वास उडतो. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात भर पावसात शरद पवार बोलले, ते भिजल्यामुळे आठवतं हे खरं. पण त्या भाषणाचा कणा वेगळा होता. लोकसभेचा उमेदवार निवडताना माझी चूक झाली, असं त्यांनी उघड सांगितलं आणि २१ तारखेच्या मतदानात ती दुरुस्त करायची संधी लोकांच्या हातात दिली. पोटनिवडणुकीत श्रीनिवास पाटील निवडून आले. चूक सांगितली की दुरुस्तीही लगेच सांगावी लागते, नाहीतर ते नुसतं रडगाणं होतं.

समोरच्याच्या गोष्टीवर हसू नका

२०१४ च्या सुरुवातीला मणिशंकर अय्यर यांनी नरेंद्र मोदींच्या चहा विकण्यावर टोमणा मारला. त्यानंतर भाजपनं 'चाय पे चर्चा' सुरू केली. विरोधकाच्या कष्टांची टिंगल केली की ते कष्ट मतदाराचेच होऊन बसतात. त्याच्या घरच्यांवर, खासगी आयुष्यावर तर बोलूच नका. आदर्श आचारसंहितेत त्याला मनाई आहे, आणि उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल जाणूनबुजून खोटं बोलणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(४) नुसार 'भ्रष्ट आचरण' ठरू शकतं. तुमच्याच गोष्टीची कुणी टिंगल केली, तर चिडून उत्तर देऊ नका. पुढच्या सभेत तीच गोष्ट, त्याच शब्दांत, पुन्हा सांगा.

बाकीच्या अडचणी, थोडक्यात

रडू येत असेल तर थांबा, पाणी प्या. आणण्याचा प्रयत्न मात्र करू नका, पहिल्या रांगेतल्या बायकांना ते लगेच कळतं. गोष्ट पुस्तकी भाषेत लिहून दिली असेल तर घरी जसं बोलता तसं सांगा. सभेआधी ती अशा माणसाला ऐकवा, जो त्या प्रसंगात हजर होता. तो जिथं "असं नव्हतं" म्हणेल, ते वाक्य काढा.

आणि वेळ. रात्री १० ला माइक बंद होतो, मुख्य वक्ता बऱ्याचदा पावणेदहाला उठतो, आणि त्यातली दहा मिनिटं व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावं घेण्यात जातात. मग घाईत गोष्ट कापली जाते. नावांची यादी सूत्रसंचालकाकडे द्या, त्याला ती सुरुवातीलाच वाचू द्या, आणि तुम्ही उठल्यावर थेट "पाणी उंबऱ्याला लागलं" इथून सुरू करा.