डाएटिशियन व्हायचंय? चौकशी दुसऱ्या टोकाकडून सुरू करा

बँक, आयटी किंवा शाळेतली नोकरी सोडून आहारतज्ज्ञ होऊ पाहणारे बहुतेक जण आधी कोर्स शोधतात. त्याआधी मोठ्या रुग्णालयांच्या पाच-सहा नोकरीच्या जाहिराती उघडून बघा. आहारशास्त्रातली एम.एस्सी. किंवा पदव्युत्तर पदविका आणि रुग्णालयातली इंटर्नशिप बहुतेक ठिकाणी मागतात. अनेक ठिकाणी इंडियन डायटेटिक असोसिएशनची 'आरडी', म्हणजे रजिस्टर्ड डाएटिशियन ही नोंदणीही लागते. तीन महिन्यांच्या ऑनलाइन 'न्यूट्रिशन कोच' प्रमाणपत्राला या यादीत जागा नाही. त्यावर जिममध्ये काम मिळेल, वॉर्डात मिळणार नाही.

कायदाही आता आड येतो. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या अनुसूचीत डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट दोन्ही आहेत. आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी तो किमान ३,६०० तासांचं आणि किमान तीन वर्षांचं शिक्षण मागतो. त्यामुळे नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांची सगळ्यात आवडती वाट बंद झाली आहे. इग्नूची आहारशास्त्रातली एम.एस्सी. पूर्वी कितीतरी जणांनी घरी बसून केली. पण या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने चालवायला यूजीसीने जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून मनाई केली, आणि त्यात पोषण व आहारशास्त्र येतं. आजही कोणी 'दूरस्थ एम.एस्सी., पूर्ण मान्यता' असं सांगून प्रवेश देत असेल, तर पैसे भरू नका.

तुमचं दार कोणतं हे आधीच्या पदवीवर ठरतं. गृहविज्ञान, अन्नशास्त्र, जीवरसायन, नर्सिंग किंवा वैद्यकीय पदवी असेल तर थेट पदव्युत्तर प्रवेशाची शक्यता असते. मात्र प्रत्येक विद्यापीठाची पात्रतेची यादी वेगळी, ती त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत उपयोजित पोषणाची एम.एस्सी. आहे, तिला प्रवेश परीक्षा असते. मुंबईत निर्मला निकेतनचं आणि जुहूचं एसएनडीटीचं अशी दोन गृहविज्ञान महाविद्यालयं, नागपुरात एलएडी महाविद्यालय, परभणीत कृषी विद्यापीठाचं सामुदायिक विज्ञान महाविद्यालय ही चौकशीची ठिकाणं. एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे, पुरुषांनी तिथे फेरी मारू नये. वाणिज्य किंवा अभियांत्रिकीची पदवी असेल तर शॉर्टकट नाही, बी.एस्सी.पासूनच सुरुवात. बारावीला जीवशास्त्र होतं का, हा पहिला प्रश्न येईल. काही गृहविज्ञान महाविद्यालयं कला-वाणिज्यवाल्यांनाही घेतात, पण त्या पदवीवर पुढे एम.एस्सी., आरडी आणि या कायद्याखालच्या राज्य परिषदेची नोंदणी मिळेल का, हे लेखी विचारा. काउंटरवरच्या तोंडी 'हो'ला अर्थ नाही. बी.एस्सी.पासून सुरुवात म्हणजे पाच-सहा वर्षं जातील. हा आकडा घरच्यांसमोर आधी ठेवा.

अभ्यासात चाळिशीतल्या विद्यार्थ्याला पाककृती अडवत नाहीत. जीवरसायन आणि शरीरक्रियाशास्त्र अडवतात. प्रवेशाआधीचे रिकामे महिने तिकडे घाला: चयापचयाची चक्रं, मूत्रपिंडाचं काम, इन्शुलिन. जोडीला राष्ट्रीय पोषण संस्थेची तीन पुस्तकं हाताशी ठेवा: २०१७ ची भारतीय अन्नघटक कोष्टकं, २०२० च्या पोषण शिफारशी आणि २०२४ ची आहार मार्गदर्शक तत्त्वं. २०२० च्या शिफारशींत संदर्भ पुरुष ६५ किलोचा आणि स्त्री ५५ किलोची धरली आहे. प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम. हे तोंडपाठ हवं.

एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घ्या आणि घरच्या वाट्यांत पाणी ओतून त्या किती मिलीच्या आहेत ते लिहून ठेवा. नवख्यांची सर्वात सामान्य चूक कच्च्या-शिजलेल्याची. कोष्टकातले आकडे बहुतांशी कच्च्या धान्याचे असतात. ३० ग्रॅम तांदूळ म्हणजे साधारण १०० कॅलरी, पण शिजल्यावर त्याचं वजन जवळपास तिप्पट होतं. ताटातला ९० ग्रॅम भात कच्चा धरून हिशेब केला की उत्तर तिप्पट येतं. भाकरीचंही तसंच: एका भाकरीला पीठ किती लागतं ते करणाऱ्यालाच विचारा. सोलापूरची पातळ कडक भाकरी आणि कोकणातली तांदळाची भाकरी एकाच खात्यात टाकता येत नाहीत.

खरं शिक्षण इंटर्नशिपमध्ये होतं, आणि नोकरदारांचं गणितही तिथेच चुकतं. ती पूर्णवेळ असते, अनेक महिने चालते, बऱ्याच ठिकाणी विद्यावेतन नसतं, काही रुग्णालयं उलट फी घेतात. त्या काळाचा घरखर्च आधीच बाजूला काढा. रुग्णालय निवडताना आयसीयू, डायलिसिस आणि स्वतःचं स्वयंपाकघर आहे का ते विचारा. नुसत्या ओपीडीत वजन कमी करायचे तक्ते लिहून आरडीची तयारी होत नाही.

वॉर्डात काय चुकतं ते बघा. मधुमेह नसलेल्या, ५८ किलोच्या मूत्रपिंडाच्या रुग्णाला डायलिसिसआधी किलोमागे ०.५५ ते ०.६० ग्रॅम प्रथिनं, म्हणजे दिवसाला ३२ ते ३५ ग्रॅम. डायलिसिस सुरू झालं की १.० ते १.२, म्हणजे ५८ ते ७० ग्रॅम. घरचे मात्र फ्रिजवर चिकटवलेला जुनाच कागद पाळत राहतात, डाळ-अंडं बंदच ठेवतात, आणि रुग्णाचे स्नायू झडतात. कागदावर तारीख घाला आणि जुना स्वतःच्या हाताने फाडा.

नाकातून पोटात घातलेल्या नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न, म्हणजे आरटी (राइल्स ट्यूब) फीड, हा दुसरा धडा. मिलीलिटरला एक कॅलरी असं फीड सकाळी ६ ते रात्री ८ दर दोन तासांनी २०० मिली लिहिलं, तर आठ वेळांत १,६०० कॅलरी होतात. सीटी स्कॅनसाठी दोन फीड चुकली की रुग्णाला १,२०० च मिळाल्या; तुमच्या कागदावर मात्र १,६००. म्हणून नर्सचा इनटेक चार्ट रोज वाचायचा. फीड गाळलेलं नसेल किंवा आधी-नंतर पाणी सोडलं नसेल तर नळी तुंबते. बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर फीड दिलं तर रक्तातलं फॉस्फेट घसरून जिवावर बेततं. अशा वेळी डॉक्टरांशी बोलून किलोमागे सुमारे १० कॅलरींपासून चढायचं. थायमिन (जीवनसत्त्व बी-१) आधी, फॉस्फेट-पोटॅशियम-मॅग्नेशियमची तपासणी रोज.

आणि माणसांशी बोलणं. 'साबुदाणा खाऊ नका' हे मधुमेही आजींना सांगून एकादशी टळत नाही. भगरीचं प्रमाण, सोबत शेंगदाण्याची आमटी किंवा ताक, आणि उपासाच्या दिवशी गोळ्यांचं काय करायचं हे डॉक्टरांना विचारून घ्यायची आठवण, इतकं दिलं तर त्या पुन्हा येतात.

आरडीची परीक्षा इंटर्नशिप ताजी असतानाच द्या. तोपर्यंत केलेल्या प्रत्येक केसची वही ठेवा: वजन, तपासण्या, काय लिहिलं, रुग्णाने प्रत्यक्षात काय खाल्लं. परदेशी जायचा विचार असेल तर त्या देशाचे नियम आधी पाहा. ब्रिटनमध्ये तिथल्या आरोग्य व्यवसाय परिषदेच्या नोंदणीशिवाय डाएटिशियन म्हणवून घेता येत नाही, आणि अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून नोंदणी परीक्षेला बसायला पदव्युत्तर पदवी लागते.