डायव्हिंगसाठी एअर कॉम्प्रेसर घेताय? या चुका टाळा

टायरमध्ये हवा भरणारा कॉम्प्रेसर साधारण 8 ते 10 बारपर्यंत (बार म्हणजे दाब मोजायचं एकक) जातो. डायव्हिंगचा सिलिंडर भरतात 200 बारला, काही 232 किंवा 300 ला. म्हणून तीन-चार स्टेजमध्ये हवा दाबणारं, श्वासाच्या हवेसाठीच बनवलेलं मशीन लागतं. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो त्याच्या पुढे.

'मिनिटाला 100 लिटर' हा आकडा वाचून भरपूर वाटतं. जरा हिशेब मांडा. 12 लिटरचा सिलिंडर 50 बार शिल्लक ठेवून परत आला, तर 200 ला न्यायला 1800 लिटर (12 गुणिले 150) हवा भरावी लागते. म्हणजे 18 मिनिटं. असे 20 सिलिंडर म्हणजे सहा तास, आणि यात सिलिंडर बदलायचा वेळ धरलेलाच नाही. स्वतःपुरते दोन-चार सिलिंडर भरणाऱ्याला हे छोटं मशीन चालेल. रोज गिऱ्हाईक पाण्यात नेणाऱ्याने निदान दुप्पट क्षमतेचं आणि तासन्‌तास चालण्यासाठी बनवलेलं मशीन बघावं. सकाळी एकदम गर्दी होत असेल तर साठवणीच्या सिलिंडरांची बँक जोडून ती आदल्या संध्याकाळी भरून ठेवता येते.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक म्हणजे मशीन बघताना फिल्टरकडे शेवटी बघणं. खरं तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी. फिल्टरच्या बदलायच्या नळकांड्यात, म्हणजे कार्ट्रिजमध्ये, आधी ओलावा शोषणारा थर असतो, सक्रिय कार्बन तेलाची वाफ आणि वास धरतो, आणि पेट्रोल-डिझेल इंजिनाच्या मशीनवर हॉपकलाइटही असतं, जे कार्बन मोनॉक्साइडचं कार्बन डायऑक्साइड करतं. हॉपकलाइट ओलं झालं की निकामी. म्हणजे कंडेन्सेट (दाबलेल्या हवेतून सुटून साचलेलं पाणी) वेळेवर काढलं नाही, तर विषारी वायू अडवणारा थरच आधी जातो. मशीनला ऑटो ड्रेन नसेल तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेला, साधारण दर 15 मिनिटांनी, ड्रेन हाताने उघडायलाच हवा.

कार्ट्रिजचे तासही छापील आकड्यावर मोजू नका. ते थंड हवेचे असतात. 40 अंशांच्या खोलीत तेच कार्ट्रिज निम्मेही तास टिकत नाही.

इंजिनवर चालणारं मशीन घेत असाल तर हवा खेचणारी नळी (इनटेक) धुराड्यापासून लांब, उंचावर आणि वारा येतो त्या बाजूला हवी. वारा फिरला की तीही हलवायची. वीज असेल तिथे मोटरचंच मशीन घ्या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि 30 मीटरवर त्याचा आंशिक दाब (हवेच्या एकूण दाबातला त्याचा वाटा) पृष्ठभागाच्या चौपट होतो. ईएन 12021 या युरोपीय मानकात मर्यादा 5 पीपीएम (दहा लाख भागांत 5 भाग) आहे ती उगाच नाही. फक्त इनटेक सांभाळूनही भागत नाही: मशीन फार तापलं की आतलं तेल जळूनही हा वायू तयार होतो. म्हणून मशीनच्या कंपनीने सांगितलेलंच तेल घाला, गाडीचं इंजिन ऑइल कधीच नाही. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मीटर किमतीत बसवूनच घ्या.

आता नेहमीच्या तक्रारी. 200 ला भरलेला सिलिंडर थोड्या वेळाने 180 दाखवतो? घाईत भरल्याने तो तापला होता. हळू भरा, गार झाल्यावर थोडी हवा आणखी द्या. दुसऱ्या स्टेजचा सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा उडत असेल तर बरेच जण तोच बदलतात, आणि नवाही उडतो. दोष बहुतेक वेळा पुढच्या स्टेजच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. तिथून दाब मागे येतो. नव्या जागी बसवल्यावर मशीन लगेच तापायला लागलं, तर थ्री-फेजच्या वायरी तपासा. दोन फेज उलटे लागले की मोटर उलट फिरते आणि पंखा गार हवा हवी तिथे पोचवत नाही. बाण कव्हरवर काढलेला असतो. पहिल्यांदा चालू करताना क्षणभरच बटण दाबून दिशा बघायची.