सणांवर आधारित गणित-भाषा उपक्रम : सहावी ते आठवीच्या वर्गात या चुका टाळा

सण केवळ सजावटीपुरता वापरणे ही या उपक्रमांतील सर्वांत मोठी चूक आहे. कागदाच्या कडेला पणत्या छापून आत नेहमीचेच गुणाकार दिले, तर मुले पणत्या रंगवतात आणि गुणाकार शेजाऱ्याचे उतरवून घेतात. गणित सणाच्या रीतीतूनच निघाले पाहिजे, आणि खान्देशात अशा रीतींना तोटा नाही.

खान्देशातील कानबाई या देवीच्या उत्सवातले रोट, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्या, घ्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा रोटांसाठी अनेक घरांत कुटुंबातील प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतले जातात. सात जणांचे किती, असे विचारले की काही मुले ‘सव्वासात’ म्हणून मोकळी होतात, कारण पाव शेवटी एकदाच मिळवायचा असतो अशी त्यांची समजूत असते. अशा वेळी अपूर्णांकांचा नियम लगेच फळ्यावर लिहू नये. सात मुठी एका बाजूला आणि सात पाव दुसऱ्या बाजूला मांडायला सांगितले, की सात पाव म्हणजे पावणेदोन आणि एकूण पावणेनऊ मुठी, हे मुले स्वतःच सांगतात. घरोघरची रीत निराळी असते, त्यामुळे एकच प्रमाण ‘बरोबर’ ठरवू नये. मुलींच्या नावाने गहू का घेत नाहीत, असा प्रश्न एखादी विद्यार्थिनी विचारतेच. तो उडवून न लावता भाषेच्या तासाला लेखनासाठी द्यावा. ‘माझा आवडता सण’ या निबंधापेक्षा त्यातून कितीतरी सकस लेखन मिळते.

दिवाळीतील ठिपक्यांच्या रांगोळीत घाई नडते. ‘13 ते 7’ या रांगोळीचे ठिपके किती, याचे उत्तर 13 गुणिले 7 म्हणजे 91 असे हमखास येते. येथे मधली ओळ 13 ठिपक्यांची असून दोन्ही बाजूंना प्रत्येक ओळीत एकेक ठिपका कमी होत 7 वर थांबतो, म्हणून बेरीज 127 होते. आधी रांगोळी प्रत्यक्ष काढू द्यावी आणि सूत्राकडे आठवीतच वळावे. हुशार मुलांना ‘13 ते 1’ आणि ‘15 ते 8’ यांची तुलना द्यावी. दोन्हींत 169 ठिपके येतात आणि वर्गात चांगलाच वाद रंगतो.

सणांच्या तारखांवरील उपक्रमात शिक्षक अपुरी माहिती देतात. गणेश चतुर्थी 2023 मध्ये 19 सप्टेंबरला, 2024 मध्ये 7 सप्टेंबरला आणि 2025 मध्ये 27 ऑगस्टला आली. एवढ्यावरून मुले 2026 साठी 16 ऑगस्ट सांगतात, पण ती 14 सप्टेंबरला येते, कारण त्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे. चांद्रवर्ष सुमारे 354 दिवसांचे असते आणि दरवर्षीची सुमारे 11 दिवसांची तूट अधिक मासाने भरून निघते, हे चौथी तारीख दाखवल्याशिवाय लक्षात येत नाही.

भाषेच्या उपक्रमात अहिराणी ही खान्देशची बोली ‘सुधारणे’ टाळावे. आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी आजीकडून ऐकून लिहून आणायला सांगितल्यावर त्यांतील शब्दांवर लाल शाई चालवली, तर पुढच्या वेळी वही कोरी येते. गाणे ऐकले तसेच उतरवावे आणि त्याचा अर्थ प्रमाण मराठीत स्वतंत्रपणे लिहावा. शुद्धलेखन तपासायचे ते या अर्थलेखनातच. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या त्यांचे पुत्र सोपानदेव आणि आप्तांनी अशाच टिपून ठेवल्या, हे मुलांना आवर्जून सांगावे. आखाजी परीक्षा किंवा सुट्टीच्या सुमारास येत असल्याने हे काम आधीच नेमून द्यावे लागते.

सर्वांना एकच सण देणेही योग्य नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडील पावरा आणि भिल्ल मुलांचा मोठा सण होळी आहे, तर यावल-रावेरच्या तडवी घरांत ईद असते. होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारातील खरेदीचा हिशेब पावरा-भिल्ल मुलांकडून मांडून घ्यावा आणि तोच इतर गटांना सोडवायला द्यावा.

उपक्रम दिवाळीच्या सुट्टीनंतर लगेच ठेवला आणि निम्मा वर्ग रिकामा दिसला, तर दोष उपक्रमाचा नसतो. त्या दिवसांत कापूस वेचणी चालू असते. वेचलेले किलो आणि मिळालेली मजुरी यांची नोंद घरूनच मागवावी, म्हणजे गैरहजर मुलेही गुणोत्तराच्या पाठात सहभागी होतात.