मेनमध्ये अस्वलाच्या शिकारीला निघालात? या चुका टाळा

ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेतल्या मेन राज्यात अस्वलाच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि बोस्टन, न्यू जर्सीकडची आपली काही मंडळी मेनच्या उत्तरेकडच्या अरूस्टुक परगण्यातल्या जंगलात येऊन थडकतात. हंगामात मी इथल्या एका गाइडबाईंच्या हाताखाली राबतो. अस्वलांना खेचायला डोनटसारख्या आमिषाची पिंपं भरायची, मचाणं बांधायची, पडलेलं अस्वल ओढून आणायचं आणि पाहुण्यांनी केलेले घोळ निस्तरायचे. आमिषावर शिकार करावी की नाही, हा वाद इथे घालू नका. मेनच्या मतदारांनी 2004 आणि 2014 मध्ये तिच्यावर बंदी घालायचं नाकारलं. तुम्हाला यायचंच असेल, तर निदान हे वाचून या.

मचाणावरून खाली उतरणं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त राग आहे. एका वर्षी न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक साहेब आले होते. बंदूक उत्तम, बूट नवेकोरे. बाईंनी बजावलं होतं, "मी न्यायला येईपर्यंत जमिनीला पाय लावायचा नाही." त्यावर त्यांनी मला मराठीत हळूच विचारलं, "कुणी अनुभवी पुरुष गाइड नाही का?" मेनमध्ये गाइडला 1897 पासून परवाना लागतो, आणि त्यातला पहिला परवाना कॉर्नेलिया क्रॉस्बी या बाईंना मिळाला होता, एवढं सांगून मी गप्प बसलो.

साहेब तीन वाजता चढून बसले. सहापर्यंत काहीच हललं नाही. मग आमिषाला कुणी तोंड तरी लावलंय का, हे बघायला रायफल वरच ठेवून ते खाली उतरले. पिंपावर रोखलेल्या कॅमेऱ्यात 6:12 ला साहेब पिंपात डोकावताना दिसतात, हातात डोनट. 6:19 ला चौकटीच्या कडेला एक काळं नाक दिसतं, आभाळाकडे वर केलेलं. तोवर साहेब परत मचाणावर चढले होते, पण त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. त्यानंतर आठवडाभर ते अस्वल आलं ते काळोख पडल्यावरच.

अस्वल थेट पिंपाशी येत नाही. आधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला फेरी मारतं, हुंगतं, थांबतं. तुम्हाला जंगल रिकामं वाटत असतं तेव्हा ते साठ पावलांवर उभं असू शकतं. शेवटच्या उजेडातला अर्धा-पाऊण तास हीच खरी वेळ. माझ्यापुरता नियम असा, की सगळ्यात जास्त कंटाळा आला की हात मांडीवर ठेवायचे आणि नुसतं ऐकायचं. मोबाइल गाडीत. अत्तर, डिओ, अगरबत्तीच्या वासाचे कपडे घरी.

गोळी लागली तरी उतरायचं नाही. अस्वलाची चरबी जखम बुजवते, दाट केस रक्त शोषून घेतात आणि माग जेमतेम उरतो. तो तुम्ही तुडवलात तर आम्ही रात्रभर कंदील घेऊन फिरणार. समोरासमोर नेम धरायचा नाही. अस्वल आडवं उभं राहून पुढचा पाय पुढे टाकेपर्यंत थांबा.

मांसाची हयगय

हंगाम उघडतो तेव्हा हवा गरम असते आणि जाड कातडं न् चरबी आतली ऊब धरून ठेवतात. फोटोंत तासभर घालवलात तर मांस गेलंच म्हणून समजा. मी आधी कातडं उतरवतो, फोटो मागून.

आणि कबाब! मसाल्याचे डबे घेऊन येणाऱ्यांनो, 2022 मध्ये साउथ डकोटातल्या एका कौटुंबिक मेळाव्यात अस्वलाचे कबाब कच्चे राहिले आणि सहा जणांना ट्रायकिनेला या परजीवी कृमीची लागण झाली. मांस 45 दिवस गोठवलेलं होतं. उत्तरेकडच्या अस्वलांतल्या या कृमीची एक जात गोठवल्यानं मरत नाही. त्या सहांपैकी दोघांनी मांस खाल्लंच नव्हतं, सोबत शिजलेल्या भाज्या तेवढ्या खाल्ल्या होत्या. तेव्हा "मी फक्त सिमला मिरची घेतो" हेही चालणार नाही. मांसाच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसा; 74 अंश सेल्सियस दिसल्याशिवाय ताटात नको.

बारक्यालाच मोठं समजणं

संध्याकाळी एकटं आलेलं प्रत्येक अस्वल राक्षसासारखं दिसतं. कान बघा. डोक्यावर मोठे उभे कान असतील तर ते पोर आहे. कान लहान, बाजूला सरकलेले आणि एकमेकांपासून लांब असतील तर ते थोराड. शेजारी पिंप असतंच, त्याच्याशी उंची ताडा. मागून पिल्लं येतात का, तेही पाहा.

कागदपत्रं आणि आठवड्याचा वार

नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावर असाल तर वैध शिकार परवाना हातात येण्याआधी मित्राची रायफल सरावालाही घेऊ नका. त्या व्हिसावर बंदूक बाळगायला संघीय कायद्यानं मनाई आहे आणि हा परवाना त्यातला अपवाद. शनिवार-रविवार धरून येणाऱ्यांनो, मेनमध्ये रविवारी शिकार बंद असते. अस्वल मारल्यावर 18 तासांत नोंदणी करावी लागते. कातडं भारतात न्यायचा विचार सोडून द्या.

दुसऱ्याची जमीन

मेनमधली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन खासगी आहे. आमिष ठेवायला मालकाची परवानगी लागते, ठेवणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावावी लागते आणि ती परवानगी बाईंनी वर्षानुवर्षं जपलेली असते. एकानं जवळचा रस्ता म्हणून बटाट्याच्या शेतातून गाडी घातली. शेतकऱ्यानं फाटकाला कुलूप ठोकलं आणि आमची दोन मचाणं गेली.

चॉकलेट आणू नका. 2014 मध्ये न्यू हॅम्पशायरात आमिषातलं चॉकलेट खाऊन चार अस्वलं मेली.

आणि जंगलातल्या बीच नावाच्या झाडांना भरघोस फळं धरली, की अस्वलं डोनटकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या वर्षी रिकाम्या हातानं परतलात तर बाईंकडे पैसे परत मागू नका. त्या देत नाहीत.