अमेरिकेला निघण्याआधी लेकराचं लसीचं कार्ड नागपुरातच नीट करा
माझी नात २०२५ च्या जूनमध्ये आईबापासोबत डॅलसला गेली. शाळा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, रात्री साडेनऊला सुनेचा फोन आला, “आई, शाळेची नर्स म्हणते गोवराचा दुसरा डोस झालाच नाही.” असं कसं होईल? एक सोडून तीन डोस झाले होते, आणि तिन्ही वेळा पोरगी माझ्याच मांडीवर होती.

कार्डाचा फोटो मागवला. मधल्या डोससमोर लिहिलेलं, ०३/१२/२०२१. आपण वाचतो तीन डिसेंबर. तिथे आधी महिना लिहितात, मग दिवस, म्हणून नर्सने वाचलं बारा मार्च. नातीचा जन्म २० ऑगस्ट २०२० चा, म्हणजे तिच्या हिशोबाने डोस सातव्या महिन्यातच पडला. पहिल्या वाढदिवसाआधीचा गोवराचा डोस अमेरिकेत धरत नाहीत, त्यामुळे आपला नवव्या महिन्याचाही बाद. उरला एक.

मी लसीकरणाची सिस्टर होते. तीस वर्षं अशाच तारखा लिहिल्या. म्हणून कळकळीने सांगते, कार्ड तसंच घेऊन जाऊ नका. आपल्या बालरोगतज्ज्ञांकडून लेटरहेडवर इंग्रजीत नवीन यादी करून घ्या. महिना अक्षरात हवा. नाव पासपोर्टवर आहे तसंच, जन्मतारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. “पेंटा” एवढंच लिहू देऊ नका. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि हिब अशी पाचही नावं सुटी लिहून घ्या, कारण तिथल्या ‘पाच आजारांवर एकच टोचणी’ अशा लसींमधले पाच आजार वेगळे असू शकतात. आम्ही लक्ष्मीनगरच्या डॉक्टरांकडून दुसऱ्या दिवशी असाच कागद करून पाठवला, आणि शाळेने तो मानला.

व्हिसा एच-४, म्हणजे तिथे नोकरीला गेलेल्याच्या बायकामुलांचा असेल तर व्हिसासाठी लसी विचारत नाहीत. विचारते ती शाळा, आणि प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्सासमध्ये किंडरगार्टनला एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला), कांजिण्या आणि हिपॅटायटिस ए यांचे प्रत्येकी दोन डोस लागतात. आपल्या सरकारी लसीकरणात यातल्या शेवटच्या दोन नाहीतच, आणि गोवराची लस एमआर आहे, तिच्यात गालगुंड नाही. म्हणून निघायच्या सहा-सात महिने आधी तयारीला लागा. हिपॅटायटिस ए च्या दोन डोसांत सहा महिने जातात, कांजिण्यांच्या दोन डोसांत तीन. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एकाच दिवशी द्या, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडा.

पोलिओचं ऐकून मला वाईट वाटलं. रविवारी बूथवर जाऊन पाजलेले दोन थेंब तिथे मोजत नाहीत. एप्रिल २०१६ मध्ये थेंबांतून पोलिओचा टाइप दोन काढला, आणि अमेरिकेला तिन्ही प्रकारांपासून संरक्षण हवं असतं. याचा अर्थ थेंब वाया गेले असा नाही, त्याच थेंबांनी आपला देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला. पण कागदावर पोलिओचं इंजेक्शन दिसायला हवं, ते यादीत वेगळ्या ओळीत लिहून घ्या.

आता तिथे पोचल्यावरचं. कंपनीचा विमा सुरू व्हायला वेळ असेल तर लस थांबवू नका. ‘व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन’ ही सरकारी योजना १९९४ पासून आहे. विमा नसलेल्या, १९ वर्षांखालच्या मुलांना तिच्यात लस फुकट मिळते. टोचण्याची फी मागू शकतात, पण ती परवडत नाही म्हणून लस नाकारता येत नाही. काउंटीच्या आरोग्य विभागात फोन करून या योजनेतलं क्लिनिक विचारा. टेक्सासमध्ये इमट्रॅक-२ ही लसींची सरकारी नोंदवही आहे, पण आईबापाने संमती दिल्याशिवाय तिच्यात नाव चढत नाही. पहिल्याच भेटीत संमती द्या, म्हणजे पुढच्या शाळेत पुन्हा कागद शोधत बसावं लागणार नाही. एखाद्या लसीचा कागद हरवलाच असेल तर गोवर, कांजिण्या, हिपॅटायटिससाठी रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणीही चालते.

बीसीजी मात्र आवर्जून सांगा. ती तिथे सरसकट देत नाहीत, आणि ती घेतलेल्या मुलाची क्षयाची कातडीवरची चाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते. सुनेने नातीच्या डाव्या दंडावरचा व्रण दाखवून रक्ताची तपासणी मागितली. त्या तपासणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही.