कंपनीमागचा खरा मालक : बेन-१ आणि बेन-२ कधी, कुणी, कसा भरायचा

भोसरी-चाकण पट्ट्यात नवी कंपनी काढताना शेअर कुणाच्या नावावर ठेवायचे, हे बहुधा घरात बसूनच ठरतं. थोडे स्वतःचे, थोडे एचयूएफचे (हिंदू अविभक्त कुटुंबाचे), उरलेले जुन्या प्रायव्हेट लिमिटेडचे. अशी मांडणी केलीत की कंपनी कायदा २०१३ चं कलम ९० लागू होतं आणि मागे असलेल्या माणसाचं नाव आरओसीला (कंपनी निबंधकाला) कळवावं लागतं: तो माणूस बेन-१ फॉर्मने कंपनीला सांगतो, कंपनी बेन-२ ने आरओसीला. पुण्यात ते कार्यालय आकुर्डीला आहे, फॉर्म मात्र ऑनलाइनच जातात.

आधी सभासदांची, म्हणजे भागधारकांची, यादी काढा. माणूस नसलेला, म्हणजे कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी), फर्म, एचयूएफ किंवा ट्रस्ट असलेला, १०% किंवा जास्त शेअरचा सभासद दिसला की त्याला मागचा खरा मालक कोण हे विचारणारी बेन-४ नोटीस द्या. ती देणं कंपनीचं काम आहे. समोरचा स्वतःहून सांगेल म्हणून थांबू नका.

मग माणसापर्यंत पोचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. समजा, नव्या कंपनीत मुलाच्या नावावर ६०%, वडील कर्ता असलेल्या एचयूएफकडे १५% आणि जुन्या कंपनीकडे २५% शेअर आहेत. जुन्या कंपनीत काकांचे ६०%, आत्यांचे ४०%. मुलाची मालकी निव्वळ थेट, त्यामुळे त्याला बेन-१ नाही. कर्ता म्हणून वडिलांना आहे. काकांचे ६० गुणिले २५ करून १५% काढू नका: जुन्या कंपनीत त्यांचा हिस्सा निम्म्याहून जास्त असल्याने अख्खे २५% त्यांचे धरले जातात. आत्यांचा गुणाकार बरोबर १०% येतो, तरी बहुमत नसल्याने त्यांना फॉर्म लागत नाही. दोघं संगनमताने निर्णय घेत असतील तर गोष्ट वेगळी. टक्का कमी असूनही करारामुळे कंपनीवर ताबा असलेला माणूसही यात येतो.

पैसे नवऱ्याचे, शेअर बायकोच्या नावावर, हा प्रकार कलम ८९ चा. तिथे बायकोने नावापुरती मालक म्हणून एमजीटी-४, नवऱ्याने खरा मालक म्हणून एमजीटी-५ आणि कंपनीने एमजीटी-६ भरायचा. बेन-१ भरून हे काम भागत नाही.

बेन-१ मागच्या खऱ्या मालकाने हक्क मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीला द्यायचा. तो मिळाल्यापासून ३० दिवसांत कंपनीने बेन-२ आरओसीकडे भरायचा. त्यावर संचालकाचा डीएससी (डिजिटल सही) आणि प्रॅक्टिस करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचं प्रमाणपत्र लागतं. बेन-३ ही नोंदवही कंपनीतच राहते. हिस्सा बदलला की पुन्हा तेच ३० दिवस. कंपनी नोंदली गेली त्याच दिवशी घड्याळ सुरू होतं, बँक खातं उघडेपर्यंत थांबू नका. बँकही केवायसीत १०% वरच्या मालकांची नावं मागते. ती बेन-२ शी जुळली नाहीत तर खातं अडकू शकतं.

बेन-१ न देणाऱ्याला ५०,००० रुपये दंड, चूक चालू राहिली तर रोज १,००० आणि कमाल २ लाख. कंपनीला १ लाख, रोज ५०० आणि कमाल ५ लाख. जबाबदार अधिकाऱ्यांना वेगळा. बेन-४ ला ३० दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही तर पुढच्या १५ दिवसांत कंपनीने एनसीएलटीकडे (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे), पुणेकरांसाठी मुंबईला, अर्ज करायचा. तिथे त्या शेअरांचे हक्क गोठवता येतात.

एलएलपी काढली म्हणून यातून सुटका नाही. नोव्हेंबर २०२३ पासून त्यांच्यासाठीही असेच नियम आहेत, फक्त फॉर्म वेगळे.