कानाच्या मशीनमधलं पुढचं शिक्षण: या चुका टाळा

सांगली-मिरजेत कानाच्या मशीनची क्लिनिकं वाढली, ही चांगलीच गोष्ट आहे. तिथं काम करणारी तरुण मुलं-मुली भेटली की हमखास विचारतात, "आता पुढं कुठला कोर्स करू?" भिंतीवर तोवर प्रमाणपत्रांची रांग लागलेली असते. त्यातली बहुतेक मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची असतात.

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. कंपनीच्या प्रशिक्षणात नवं मॉडेल आणि त्याचं सॉफ्टवेअर शिकवतात. ते यायलाच हवं, पण ते उच्च शिक्षण नव्हे. ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) भरला, 'फर्स्ट फिट' (सॉफ्टवेअरनं आपोआप सुचवलेली सेटिंग) दाबलं, मशीन कानात बसवलं की काम झालं, ही सवयही अनेकांना तिथूनच लागते. सॉफ्टवेअर दाखवतं तो सरासरी कानाचा अंदाज असतो. कानाच्या पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोचला, हे ते सांगू शकत नाही.

तासगावकडचे आजोबा येतात आणि म्हणतात, "आवाज येतुया, पर काय बोलत्यात त्ये कळंना." लगेच लॅपटॉप उघडून आवाज वाढवू नका. आधी कानात मळ आहे का बघा. मग मोल्डच्या (कानाच्या मापाच्या साच्याच्या) नळीत पाणी साचलंय का, फिल्टर बुजलाय का, सेल उतरलाय का ते पाहा. पावसाळ्यात अर्ध्या तक्रारी इथंच मिटतात. हे सगळं ठीक असेल तर प्रोब मायक्रोफोन, म्हणजे कानाच्या आतला आवाज मोजणारा माइक, काढा. त्याची मऊ, बारीक नळी पडद्यापासून साधारण ५ मिलिमीटरवर पोचायला हवी. त्यासाठी कानाच्या बाहेरच्या खाचेपासूनचं अंतर नळीवर खूण करून ठेवतात: पुरुषांत ३०, स्त्रियांत २८ मिलिमीटरच्या आसपास. मग बोलण्याचा आवाज लावायचा आणि लॅपटॉपवरची रेषा एनएएल-एनएल२ च्या (मशीननं किती आवाज द्यावा हे ठरवणाऱ्या सूत्राच्या) लक्ष्यरेषेशी जुळते का ते बघायचं. फर्स्ट फिटवर ती बऱ्याचदा ३००० हर्ट्झच्या पुढं खाली घसरलेली दिसते. स, श, च हे आवाज नेमके तिथं हरवतात आणि बाजारात 'साठ'चं 'आठ' ऐकू येतं. ही मोजणी नियमानं शिकवणारी, हातात नळी देऊन करून घेणारी जागा मिळाली तर दुसरं काही शोधत बसू नका. माझ्या मते पुढच्या शिक्षणाचा पाया हाच आहे.

लहान मुलांची मशीनं लावायला घाई करू नये, हे मी कळकळीनं सांगते. बाळाची कानाची नळी छोटी असते, त्यामुळे तेच मशीन तिथं मोठ्यांपेक्षा १० डेसिबलहूनही जास्त आवाज देऊ शकतं. तो फरक मोजायला आरईसीडी (खऱ्या कानातला आणि चाचणीच्या कपलरमधला आवाज यांतला फरक) शिकावं लागतं, डीएसएल हे मुलांसाठी वापरतात ते सूत्र समजावं लागतं आणि कान वाढला, मोल्ड बदलला की पुन्हा मोजावं लागतं. अनुभवी ऑडिओलॉजिस्टच्या (श्रवणतज्ज्ञाच्या) हाताखाली हे शिकेपर्यंत बाळाची केस पुढं पाठवा.

भाषेकडंही दुर्लक्ष होतं. जत भागातून येणाऱ्या कितीतरी लोकांची घरची भाषा कन्नड आहे. त्यांची शब्दचाचणी मराठी यादीवर घेतली तर गुण कमी येतात आणि दोष कानावर जातो.

आता कोर्सचं. पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता न बघता फी भरू नका. १९९२ च्या कायद्यानुसार हा व्यवसाय करायला परिषदेकडं नोंदणी लागते. परिषदेच्या यादीत संस्था, कोर्स आणि चालू वर्षाची मान्यता हे तिन्ही तपासा. म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्थेत मशीन-दुरुस्ती व मोल्ड तंत्राचा डिप्लोमा आहे. हाताचं काम आवडणाऱ्यांसाठी तो उत्तम, पण त्यानं कुणी ऑडिओलॉजिस्ट होत नाही. त्यासाठी इंटर्नशिप धरून चार वर्षांचं बीएएसएलपी (श्रवण व वाचाशास्त्राची पदवी) आणि पुढं एम.एस्सी. ऑडिओलॉजी हाच रस्ता. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, पुण्यात भारती विद्यापीठ, दोन्ही आपल्याला जवळ आहेत. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई.

नोंदणी झाल्यावर सीआरईचे (नोंदणी चालू ठेवायला लागणाऱ्या पुढच्या प्रशिक्षणाचे) गुण मुदतीच्या शेवटच्या वर्षासाठी साठवून ठेवू नका. मग मिळेल त्या कार्यशाळेत बसावं लागतं, आपल्या कामाची असो वा नसो.

काही दिवसांतच अचानक गेलेलं ऐकू येणं, कानातून वाहणं, एकाच कानात येणारी गुणगुण किंवा चक्कर दिसली, तर मशीन बाजूला ठेवून आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं पाठवायचं. मिरजेत असे डॉक्टर हाकेच्या अंतरावर आहेत.

पुढची कार्यशाळा निवडताना आयोजकांना फोन करून विचारा: किती जणांमागं एक यंत्र आहे, खऱ्या माणसाच्या कानावर मोजणी करायला देणार का, आणि चुकीचं इंप्रेशन (मोल्डसाठी घेतलेला कानाचा ठसा) निघालं तर ते कुणी कापून दाखवणार आहे का.